५८ हजारांचा फायरवॉल, आठ महिने, आणि उशिरा आलेला एक मेल

सोमवारी सकाळी ९ वाजून १४ मिनिटांनी आमची इंटरनेटची लाइन भरली. ‘तुमच्यावर हल्ला सुरू आहे’ हा फायरवॉलचा, म्हणजे इंटरनेट आणि आमचं नेटवर्क यांच्यामध्ये बसवलेल्या राखणदार डब्याचा, मेल माझ्या फोनवर आला ११ वाजून २ मिनिटांनी. हा डबा घ्यायच्या विचारात असाल तर आधी एवढं वाचा: जी लाइन हल्ल्याने तुंबते, त्याच लाइनवरून तो धोक्याचा निरोप पाठवतो. सिम कार्डाला जागा नाही, एसएमएसची सोय नाही.

मी नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं कॉम्प्युटरचं काम बघतो. कळवा, मानपाडा, कासारवडवली धरून सहा कलेक्शन सेंटर, सगळी ऑफिसातल्या एकाच सर्व्हरला जोडलेली. पेशंटही रिपोर्ट तिथूनच उतरवून घेतात. लाइन १०० एमबीपीएसची. डब्याचे स्पेक्स कंपनीच्या पानावर आहेत, ते परत लिहीत नाही.

त्या सोमवारी मानपाड्याहून फोन आला, ‘दादा, रिपोर्टच निघत नाहीये.’ समोर एक आजोबा उभे होते. १० वाजता त्यांचा सीटी स्कॅन होता, आणि स्कॅनसाठीचा डाय टोचायच्या आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालतेय त्याचा, आकडा लागतो. रिपोर्ट तयार होता, मानपाड्याला दिसत नव्हता एवढंच. शेवटी आमच्या डॉक्टर मॅडमनी स्वतः सीटी सेंटरला फोन करून आकडा कळवला.

सोमवारी सकाळी गर्दी असतेच, त्यामुळे आधी मला लोडच वाटला. आता माझी खूण पक्की आहे. खरी गर्दी असली की बाहेर जाणारा डेटाही वाढतो, कारण रिपोर्टच्या पीडीएफ जात असतात. त्या दिवशी येणारा आलेख छताला टेकलेला आणि जाणारा जवळजवळ शून्यावर. लॉग उघडला तर सगळी यूडीपी प्रकारची पॅकेट्स (डेटाचे छोटे तुकडे), पोर्ट ५३ वरून, म्हणजे ५३ नंबरच्या दारातून आलेली. म्हणजे डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची) उत्तरं, आणि तीही आम्ही न विचारलेल्या प्रश्नांची. हल्लेखोर पाठवणारा म्हणून आमचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, लावतो, ठिकठिकाणच्या उघड्या डीएनएस सर्व्हरना छोटे प्रश्न विचारतो, आणि कितीतरी पट मोठी उत्तरं आमच्या दारात येऊन पडतात. खोटा पत्ता लावलेलं पॅकेट इंटरनेट पुरवठादाराने आपल्या नेटवर्कबाहेर जाऊच देऊ नये, ही शिफारस बीसीपी ३८ या नावाने २००० सालापासून लिहून ठेवलेली आहे. अजूनही सगळे पाळत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

डब्याने त्यातलं एकही पॅकेट आत सोडलं नाही. पण लाइन डब्यापर्यंत पोचायच्या आधीच भरलेली. घोडबंदर रोड गायमुखपासून तुंबला असेल तर सोसायटीच्या गेटवर वॉचमन वाढवून घरी लवकर पोचता येत नाही. विकताना हे कुणी सांगितलं नाही. खोक्यावर मात्र ‘डीडॉसपासून संरक्षण’, म्हणजे अशा चहूबाजूंनी तुंबवणाऱ्या हल्ल्यापासून संरक्षण, ठळक छापलंय.

सपोर्टने तीनदा रीस्टार्ट करायला लावलं. इंटरनेटवाल्यांचा माणूस राउटरचा कुठला दिवा लाल आहे हेच विचारत राहिला. त्यांच्या नेटवर्क इंजिनिअरपर्यंत पोचायला सव्वा तास गेला. त्याने आमचा आयपी ब्लॅकहोल केला, म्हणजे त्या पत्त्यावर येणारं खरं-खोटं सगळं वरच्या वर टाकून दिलं. त्यांचं नेटवर्क मोकळं झालं, आमची साइट बंदच. ११ वाजता नवा आयपी मिळाला आणि दोन मिनिटांत तो मेल येऊन पडला. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना ६ तासांत कळवावी लागते, ते दुपारी केलं.

त्यानंतर रिपोर्टची साइट क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या मागे नेली, म्हणजे साइटकडे येणारं सगळं आधी त्यांच्याकडून गाळून येतं. २०१७ पासून त्यांच्या फुकटच्या प्लॅनमध्येही हल्ल्याच्या आकारावर मर्यादा नाही. पण डीएनएसच्या जुन्या नोंदीत आपला खरा आयपी राहिला तर हल्लेखोर थेट तिथेच येतो. आमच्या मेलच्या नोंदीत तो दिसत होता. तो काढला, आणि रिपोर्टच्या साइटचा दरवाजा फक्त क्लाउडफ्लेअरच्या पत्त्यांना उघडा ठेवला. सेंटरचं व्हीपीएन (सर्व्हरपर्यंतचा खाजगी, कुलूपबंद रस्ता) दुसऱ्या पुरवठादाराच्या वेगळ्या लाइनवर टाकलं. डब्याला तेव्हा मी एकच तारा दिला असता.

मार्चमध्ये मत बदलावं लागलं. क्लाउडफ्लेअरच्या मागे न नेलेलं सेंटरवाल्यांचं लॉगिनचं पान अचानक उघडेना. लाइन मोकळी, सर्व्हरचा सीपीयू निवांत. कुणीतरी शेकडो कनेक्शन उघडून प्रत्येकावर थोड्या थोड्या वेळाने हेडरची, म्हणजे विनंतीच्या सुरुवातीच्या मजकुराची, एकेक ओळ पाठवत होतं, विनंती पुरी करतच नव्हतं. सर्व्हरच्या सगळ्या जागा अशा अडवलेल्या. इथे डबा कामाला आला, त्यात मर्यादा घातली: हेडर पुरा करायला १० सेकंद, आणि एका आयपीला २० कनेक्शन. लगेच पान उघडलं. मात्र २० फार कमी पडले. मोबाइल कंपन्या एका आयपीमागे खूप ग्राहक ठेवतात, त्यामुळे मोबाइल नेटवरून काम करणारी आमचीच मुलं अडकली. आता ६० ठेवलेत.

आणि एप्रिलमध्ये या डब्याने पैसे वसूल करून दिले. बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचं एक पान आहे, ते मी कधी बघत नव्हतो. तिथे रात्री २:४० ला आमच्या रिसेप्शनच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं यंत्र) एका अनोळखी पत्त्यावर सेकंदाला हजारो सिन पॅकेट्स पाठवताना दिसला. कनेक्शन मागायचं आणि पुरं करायचंच नाही. पासवर्ड कंपनीने दिलेलाच, आणि कॅमेरे घरून बघता यावेत म्हणून पोर्ट बाहेरून उघडे. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर गोळा केले होते. २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट बऱ्याच लोकांना उघडेनात. आमच्या डीव्हीआरमुळे कुठल्या गावातलं काउंटर बंद पडलं असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही. सकाळी सात वाजता जाऊन त्याची वायर काढली. नुसता बंद-चालू करून भागत नाही. अशी लागण मेमरीत असते, ती जाते, पण पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात परत येते. पासवर्ड बदलला, पोर्ट बंद केले, कॅमेरे आता व्हीपीएनमधूनच दिसतात.

धोक्याच्या निरोपाचं शेवटी मीच बघितलं. कळव्याच्या माझ्या घरी जुना लॅपटॉप दर मिनिटाला लॅबचं पान उघडून बघतो. लागोपाठ तीनदा उघडलं नाही की माझा फोन वाजतो. खर्च शून्य. जे एका जुन्या लॅपटॉपला जमतं ते ५८ हजारांच्या डब्याला का जमू नये, हे मी कंपनीला चार वेळा लिहून विचारलं. ‘आपली सूचना नोंदवली आहे’ एवढंच उत्तर.

डब्याच्या लायसन्सचे १९ हजार पुढच्या महिन्यात भरायचे आहेत. बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकच्या त्या एका पानासाठी भरणार आहे. तीन तारे. चौथा तारा सिमची जागा आल्यावर.