रशियन उच्चारांचे दहा तास : एका ऑनलाइन शिकवणीविषयी

रशियनच्या सहाही विभक्ती पाठ होत्या, शब्दसंग्रहही बरा होता. तरीही मॉस्कोहून आलेल्या एका पाहुण्यांनी माझे तिसरे वाक्य ऐकल्यावर इंग्रजीचा आधार घेतला, तेव्हा केवळ उच्चारांसाठी वेगळी शिकवणी लावण्याचे मी ठरवले. सेंट पीटर्सबर्गच्या एक शिक्षिका ५० मिनिटांचे १० ऑनलाइन तास घेतात, एका वेळी एकच विद्यार्थी, तासाला १,४०० रुपये. त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असल्यामुळे त्यांचे संध्याकाळचे सहा म्हणजे पुण्यातले साडेआठ. नोकरी करणाऱ्याला ही वेळ सोयीची पडते.

पहिले दोन तास मात्र वाया गेले. तोंडासमोर कागद धरून प, त, क असे म्हणायचे आणि कागद हलता कामा नये, हा त्यांचा आरंभीचा पाठ होता. रशियनमध्ये हे वर्ण उच्चारताना श्वासाचा झोत बाहेर पडत नाही आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना ही गोष्ट मुद्दाम शिकावी लागते. ज्याच्या भाषेत प आणि फ, क आणि ख लहानपणापासूनच वेगळे आहेत, त्याचा कागद हलणार कशाला? सगळा अभ्यासक्रमच इंग्रजी जिभेसाठी बेतलेला होता. तिसऱ्या तासाला मी त्यांना ‘चाक’ आणि ‘चहा’ हे दोन शब्द म्हणून दाखवले. रशियनच्या ‘त्सार’मधले (आपण म्हणतो तो झार) पहिले अक्षर पहिल्या च-शी आणि त्यांचा मृदू, म्हणजे जीभ टाळूकडे उचलून काढलेला, च दुसऱ्याशी जवळजवळ तंतोतंत जुळतो हे ऐकून त्यांनी आपले टिपण बाजूला ठेवले आणि माझ्याकडून मराठी शब्द म्हणवून घेत कोणता ध्वनी चालेल, कोणता नाही, हे ठरवायला सुरुवात केली. शिकवणीची किंमत वसूल होऊ लागली ती तिथपासून.

ख नापास झाला, कारण रशियन ध्वनी घशाजवळ घासून निघतो आणि आपला ख म्हणजे श्वास सोडलेला क. ष अनपेक्षितपणे पास झाला. आपल्यापैकी बहुतेक जण श आणि ष एकसारखेच उच्चारतात, पण रशियनला दोन्ही वेगळे लागतात : एक जिभेचे टोक वर व मागे नेऊन काढायचा, दुसरा लांबवलेला आणि मऊ. शाळेत संस्कृतच्या बाईंनी ‘षट्कोन’ दहादा म्हणवून घेतला होता, त्याचे फळ असे मिळाले.

खरी कसोटी लागली ती मृदू व्यंजनांपाशी. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ. शेवटचा त मृदू केला की त्याच शब्दाचा अर्थ ‘घेणे’ असा होतो. मी इतकी वर्षे ‘ब्रात्य’ म्हणत होतो. रशियन बाईंचे म्हणणे असे की य नंतर यायचा नाही, तो त-च्या आतच मुरायला हवा. त उच्चारतानाच जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलायचा आणि आवाज तिथेच संपवायचा. हे सांगायला दोन वाक्ये पुरली, जमायला तीन तास लागले. कठोर, म्हणजे असा मृदू न केलेल्या, ल-ने त्याहून छळले. आपला ल त्यांच्या कानाला ना धड कठोर, ना धड मृदू. म्हणून मी ळ लावून पाहिला, तर त्या हसल्या. जिभेचे टोक दातांशी टेकवून मागचा भाग उचलायचा आहे, जीभ मुडपायची नाही.

स्वराघाताचा, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा याचा, भाग त्यांनी उत्तम शिकवला. दूध लिहितात ‘मोलोको’ आणि म्हणतात ‘मलाको’. आघात नसलेल्या ओ-चा असा अ होतो, आणि तो अ आपल्याकडे तयारच असतो. अडचण एवढीच की मराठी माणूस प्रत्येक अक्षराला सारखेच वजन देतो. त्यात छापील मजकुरात आघाताची खूण नसते. ‘झामक’ म्हटले तर किल्ला, आघात पुढच्या अक्षरावर नेऊन ‘झमोक’ म्हटले तर कुलूप. ‘लिहिणे’ या क्रियापदाचा आघात चुकला तर लघुशंकेचा अर्थ निघतो, आणि ती चूक मी केली नाही असे नाही. व्यंजनांचा संधी मात्र पंधरा मिनिटांत उरकला : ‘वाक्’ आणि ‘ईश’ मिळून ‘वागीश’ होतो हे माहीत असलेल्याला रेल्वे स्थानकाचा ‘वोक्झाल’ बोलताना ‘वग्झाल’ का होतो, हे वेगळे समजवावे लागत नाही.

उणीव राहिली ती सुराची. येलेना ब्रिझगुनोवा या भाषाशास्त्रज्ञांनी रशियन वाक्यांच्या सुरावटीचे सात प्रकार मांडले आहेत; ते सातही दहाव्या तासात घाईघाईने कोंबले गेले. ‘आन्ना दोमा’ म्हणजे ‘आन्ना घरी आहे’. याचाच प्रश्न करायचा तर शब्द तेच राहतात, ‘दो’वर सूर एकदम उसळतो आणि ‘मा’वर खाली येतो. आपण शेवटी ‘का’ जोडून सूरही शेवटीच चढवतो, त्यामुळे माझा प्रश्न ऐकून बाई वाक्याचा उरलेला भाग येईल म्हणून थांबून राहत.

गृहपाठाची सोय वाखाणण्यासारखी आहे. आपण पाठवलेले ध्वनिमुद्रण कितव्या सेकंदाला काय चुकले याच्या टिपांसह दोन दिवसांत परत येते. मात्र तासांची मुद्रणे ३० दिवसांनी काढून टाकली जातात, तेव्हा ती आधीच उतरवून घ्यावीत. तारेचा इअरफोन वापरावा आणि गोंगाट गाळण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर स आणि श यांची धारच नाहीशी होते. लिपीपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी ही शिकवणी नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा पेडर रोडच्या रशियन हाऊसमध्ये पहिली पायरी ओलांडलेल्यांना ती उपयोगी पडेल. सुरासाठी आणखी पाच तास मी त्यांच्याकडेच घेतले आहेत, आणि या वेळी कागद नको हे आधीच कळवले आहे.