दोन लेन्सची बॅग की एकच ब्रिज कॅमेरा?

रविवारी सकाळी पक्षी, परतताना आठवडे बाजार, आणि वाटेत कुणी बेंदराची बैलं रंगवत असेल तर तेही. अशी ज्यांची फोटोग्राफी, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांचं आणि फक्त वाघामागे फिरणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, खिसाही वेगळा.

मी सहा वर्षं डीएसएलआर वापरला, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. सोबत १८-५५ आणि ७०-३०० मिलिमीटर ही लेन्सची नेहमीची जोडी, पहिली जवळच्याला, दुसरी लांबच्याला. गेली अडीच वर्षं २४-६०० झूमचा, एक इंची सेन्सरचा (फोटो टिपणाऱ्या चिपचा) ब्रिज कॅमेरा आहे, म्हणजे एकच लेन्स, बॉडीला कायमची जोडलेली, जवळचं-लांबचं सगळं तिच्यातच. हा ‘एक इंच’ नावापुरताच. सेन्सर भरतो १३.२ × ८.८ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळात एपीएस-सीच्या, नेहमीच्या डीएसएलआरमधल्या सेन्सरच्या, जेमतेम एक तृतीयांश. चंद्रावरचे खड्डे दाखवणाऱ्या ८० पट झूमवाल्यांचा सेन्सर तर याहूनही बारीक असतो. तसला एक मित्राकडून आठवडाभर आणला होता, चंद्र काढून झाल्यावर परत दिला.

फोटोच्या दर्जाचं आधी उरकतो. तिथे डीएसएलआर पुढे आहे, वादच नको. भीमाशंकरच्या दाट झाडीत शेकरू दिसलं, आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत चढवला, आणि घरी येऊन पाहिलं तर शेपटीच्या केसांचा लगदा झालेला. जुन्या कॅमेऱ्याने तसल्याच अंधारात मला बरे केस दिले होते. पहाटेची चहाची टपरी, देवळाचा गाभारा, घरातलं लहान मूल, यांत तुमचा जीव असेल तर इथेच थांबा आणि डीएसएलआर किंवा मिररलेस (त्याचाच बिनआरशाचा भाऊ) घ्या. पण उन्हात काढलेल्या फोटोंच्या १२ × १८ इंचांच्या प्रिंट मी शेजारीशेजारी लावून बघितल्या आहेत. कुठली कशावरची, हे मला तरी मागे लिहिलेलं वाचल्याशिवाय सांगता आलं नाही.

वजनात काही वाचेल ही आशा सोडा. बॉडी आणि दोन लेन्स मिळून किलोभर, ब्रिजही किलोभरच. किमतीत उलट ब्रिजच चढा पडतो.

आता खरं दुखणं. एका सोमवतीला जेजुरीला गेलो होतो. पालखी दूर होती म्हणून ७०-३०० लावलेली. बघता बघता पालखी अंगावर आली. उपरण्याच्या आडोशाने लेन्स काढली, दुसरी लावणार एवढ्यात शेजारच्याने मूठभर भंडारा उधळला. देवाचा प्रसाद, बोलणार काय! घरी आल्यावर प्रत्येक फोटोत आकाशाच्या उजव्या कोपऱ्यात डाग. ब्लोअर मारून हलेना. सेन्सर साफ करायला पुण्याची फेरी झाली, एक सुट्टी आणि पैसे दोन्ही गेले.

डाग निघाला, पण माझी सवय बिघडली. मी लेन्स बदलायचीच टाळू लागलो. धूळ आहे, नको. भुरभुर आहे, नको. एकदा पक्षी आटोपून बाजारातून परतत होतो. कडेला कल्हईवाला बसलेला. पितळेचं पातेलं तापलेलं, त्याने नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उठला आणि कापडाच्या बोळ्याने त्याने एका हातात आतून सगळं रुपेरी करून टाकलं. कल्हईवाले आता दिसतात किती? मी चार हातांवर उभा, गळ्यात ७०-३००. मागे सरकावं तर पाठीला कांद्याची गाडी. कॅमेऱ्यात त्याचा कान आणि अर्धं पातेलं मावत होतं. १८-५५ बॅगेत होती, बॅग पाठीवर होती, आणि मी ती काढली नाही. त्या दिवशी ठरलं.

मिररलेसने हे सुटेल असं कुणी म्हणालं तर जरा जपून. तिथे सेन्सरपुढे आरसाही नसतो. काही बॉडी बंद केल्यावर शटर पुढे ओढून घेतात, बाकीच्यांत लेन्स काढली की सेन्सर समोर उघडाच.

ब्रिजलाही खोडी आहेत. झूम मोटरवर चालतो, मनगटाच्या एका झटक्यात होत नाही. वर बॅटरी वाचवायला कॅमेरा झोपला की लेन्स आत जाते आणि उठल्यावर पुन्हा २४ पासून, म्हणजे जवळच्या टोकापासून, सुरुवात. भिगवणला नावाड्याने होडी रोहितांच्या थव्याजवळ अलगद नेली, मी बटण दाबलं, लेन्स सावकाश बाहेर येतेय, तोवर थवा उजनीच्या पाण्यावरून पार पलीकडे. नावाडी माझ्याकडे बघून हसला. तेव्हापासून होडीत बसलो की ती झोपायची सेटिंग बंद करतो आणि जादा बॅटरी खिशात ठेवतो. शिवाय झूम आतबाहेर होताना हवा ओढतो, त्याबरोबर धूळही जाऊ शकते, आणि ती गेली तर अख्खा कॅमेरा खोलावा लागतो. माझ्यात अजून गेलेली नाही. तुमच्यात जाणार नाही, असं म्हणणार नाही.

पण कासला गेल्यावर ही सगळी कुरकुर विसरतो. सीतेची आसवं नखाएवढी, पायवाट सोडून फुलांत शिरायचं नसतं, आणि माझ्या ७०-३०० ला निदान दीड मीटर अंतर हवं असायचं. हा पठ्ठ्या ६०० वर असूनही पाऊण मीटरवरचं फूल धरतो. गेल्या सप्टेंबरात उकिडवा बसून तेच करत होतो. धुकं जरा विरलं आणि डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेला एक धनगर मेंढरं घेऊन समोरून आला. उठलो, झूम मागे घेतला. मोटर तेव्हाही सावकाशच चालली, पण मेंढरंही सावकाशच चालतात. धनगर, मेंढरं, मागचं धुकं, सगळं आलं. पाऊस भुरभुरतच होता.

जुनी बॉडी विकलेली नाही. तिच्यावर ३५ची लेन्स कायमची चढवून ठेवली आहे, घरातल्या बारशाला, गौरी-गणपतीला बाहेर निघते. ७०-३०० भाच्याने दोन वर्षांपूर्वी नेली, ती मी अजून मागितलेली नाही.