नवीन प्लायवूडखाली काय होतं: जुन्या स्कूल बसमध्ये माझे 8,775 डॉलर कसे गेले

हे लिहायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली. खरं कारण लाज. पूर्ण आकडा बायकोशिवाय कुणालाच माहीत नव्हता. पण यंदा गणपतीत एका मराठी मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, तुम्ही मध्ये स्कूल बस घेतली होती ना? मीपण एक बघतोय," आणि फोनवर फोटो दाखवला. आतून रिकामी बस, खाली कडेपासून कडेपर्यंत कोरं करकरीत प्लायवूड. माझ्या पोटात गोळाच आला.

आम्ही अमेरिकेत, ओहायो राज्यात राहतो. इथे शाळांनी काढून टाकलेल्या पिवळ्या बसगाड्या घेऊन त्यांचं फिरतं घर करणारे पुष्कळ आहेत. आमचंही तेच स्वप्न होतं: मागे पलंग, मध्ये ओटा, मुलीसाठी खिडकीशी टेबल, उन्हाळ्यात आई-बाबा आले की सगळ्यांनी मिळून फिरायचं. अशा व्यवहारात काय काय चालतं हे वाचणाऱ्यांना माहीत असतंच. मीटर खोटा, गंजावर रंग, इंजिनाबद्दल थापा. मलाही माहीत होतं आणि हे मला ठासून सांगायचंय, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य हेच बोलतो: "अरे, आधी चौकशी नाही का केलीस?" चार महिने केली होती. 1 एप्रिल 1977 नंतर बनलेल्या बसच्या छताला आणि पत्र्याच्या सांध्यांना फेडरल सुरक्षा नियम लागू झाले, म्हणून त्याआधीची घ्यायची नाही, हे मी ठरवलं होतं. एलिसन कंपनीच्या एटी545 गिअरबॉक्सला लॉकअप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारी सोय, नसतो, चढावर बस रडते आणि तेल तापतं, हेही वाचलं होतं. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, हे मला तोंडपाठ होतं.

बस होती 1988 ची, इंटरनॅशनल कंपनीच्या एस सिरीजच्या चासीवरची. जुना चौकोनी चेहरा, लांब नाक. जाहिरातीत लिहिलं होतं: डीटी466 इंजिन, 92,000 मैल, सीट काढलेल्या, "फ्लोअर तयार". किंमत 8,500. ऑक्टोबर 2023 मधल्या एका शनिवारी सकाळी मी एकटाच बघायला गेलो. एकट्याने जाऊ नका. सोबत बसमधलं काही न कळणारा माणूस असला तरी चालेल, पण "थांब जरा" म्हणणारं कुणीतरी हवं.

माणूस गोड बोलणारा. पन्नाशीचा, हात ग्रीसने काळे. माझ्या मुलीचं नाव विचारलं, स्वतःच्या नातीचे फोटो दाखवले. मी टायर बघितले. पुढचे दोन्ही आणि मागचे बाहेरचे दोन्ही 2021 चे. मला केवढं हायसं वाटलं! आज कळतं की गिऱ्हाईक काय तपासतं ते त्याला माझ्यापेक्षा नीट माहीत होतं आणि त्याने तेवढ्यावरच पैसे घातले होते. मागे जोडचाकं असतात. आतले दोन टायर 2006 चे निघाले. आतल्या टायरचा नंबर वाचायला बसखाली आडवं व्हावं लागतं. व्हा.

बॉनेट उघडलं तेव्हा इंजिन गरम होतं. म्हणाला, तुम्ही येणार म्हणून जागेवर लावून ठेवली. जुनं डिझेल इंजिन थंड असताना कसं सुरू होतं, किती वेळ आणि कुठल्या रंगाचा धूर सोडतं, सगळं त्यातच कळतं. "गरम असेल तर दुपारी परत येतो" एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. नाही बोललो. दीड तास गाडी चालवून गेलो होतो आणि परत जायची तयारी नव्हती, हे आज लिहितानाही मला खुपतं.

आता त्या क्षणाबद्दल. दोन वर्षं रात्री जाग आली की हाच क्षण डोळ्यांपुढे येतो.

मी बसखाली डोकावलो. सगळं काळंभोर, एकसारखं, चकचकीत. त्याने सांगितलं, मिठापासून वाचावं म्हणून कोटिंग केलंय. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीचा तळ खातं, त्यामुळे मला पटलं. बाहेर आलो तर शर्टाच्या उजव्या बाहीला काळा डाग. रंग ओला होता. 35 वर्षांच्या बसला त्याच आठवड्यात खालून रंग मारला होता आणि तो रंग माझ्या बाहीवर होता. मी खिशातून रुमाल काढला आणि बाही पुसली.

तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल आला. बाबा एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं बॉडीच्या कामावर होते. निवृत्तीनंतरही रस्त्यावरून एसटी गेली की नुसत्या आवाजावरून कुठला पत्रा सुटलाय ते सांगतात. मी त्यांना आतून बस दाखवली. ते पहिलंच बोलले ते हे: "खाली फळ्या कुणी मारल्या? एक उचलायला सांग त्याला."

मी त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, गोंद लावून स्क्रू मारलेत, काढलं तर फुटेल. मग हसून म्हणाला, तुमचं दोन आठवड्यांचं काम मी वाचवलंय.

बाबा म्हणाले, "मग खालून हातोडीने ठोक. तळाचे आडवे दांडे, क्रॉस मेंबर, एकेक करून ठोक. खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द वाजलं की सोडून दे."

माझ्याकडे हातोडी नव्हती. त्या माणसाच्या शेडमध्ये भिंतीवर चार टांगलेल्या होत्या. मागायची मला भीड वाटली. आणि मी बाबांना म्हणालो, "बाबा, इथलं वेगळं असतं." ज्या माणसाने हजारो बसगाड्यांचे तळ हाताळले त्याला मी हे सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बरं. तू बघतोयस ना." आणि फोन ठेवला.

सौदा 7,800 ला ठरला. 500 त्याने ॲपवर मागितले, खातं त्याच्या बायकोच्या नावाचं. 7,300 रोख. संध्याकाळी दुसरा गिऱ्हाईक येणार होता. घरी फोन केला तर बायको म्हणाली, "त्याला एवढी घाई कशाची आहे?" मी चिडलो तिच्यावर. मालकीचा कागद, म्हणजे टायटल, शेजारच्या राज्यातल्या एका छोट्या चर्चच्या नावावर होता. विकणाऱ्याच्या जागी त्यांची सही, नोटरीचा शिक्का, आणि घेणाऱ्याची जागा कोरी. "मी त्यांच्यासाठीच विकतोय," म्हणाला. किमतीच्या रकान्यात 3,000 लिही, कर वाचेल, असंही सुचवलं. त्याला मी नकार दिला. 7,800 च लिहिले आणि आमच्या कौंटीच्या साडेसात टक्क्यांनी 585 डॉलर कर भरला. बाकी चुका माझ्या असतील, पण खोटेपणात मी नव्हतो.

विकणाऱ्याचं नाव टायटलवर नसेल तर तिथूनच मागे फिरा. यावर दुसरा विचार करू नका. का ते पुढे येईलच.

बस चालवत भाड्याच्या यार्डात आणली. 45 च्या वर वेगच धरेना. मला वाटलं, बरेच दिवस उभी असेल. तीन आठवड्यांनी पलंगाचा सांगाडा बसवायला मागचं प्लायवूड कापून काढलं. गोंद नव्हताच. नुसते स्क्रू होते, पंधरा मिनिटांत फळी निघाली. खाली जुन्या थराचा काळा, भिजलेला चोथा आणि त्याखाली जो पत्रा असायला हवा तिथे भाकरीच्या पापुद्र्यासारखी तांबडी पापडी. सीटचे बोल्ट काढल्यावर राहिलेली भोकं तशीच उघडी. जुन्या खिडक्यांच्या रबरातून गळलेलं पाणी वर्षानुवर्षं त्या थरात मुरतं आणि मीठ खालून खातं, असा दोन्हीकडून पत्रा जातो. मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, ठोकलासुद्धा नाही, तर तो मुठीपर्यंत आत गेला. मागच्या चाकाजवळ जमिनीवरचं गवत दिसत होतं. त्याच जागी मी मुलीचं टेबल आखलं होतं.

टो करून मेकॅनिककडे नेणं आणि परत आणणं, 640. तपासणी 185. त्याने काळं कोटिंग पत्र्याच्या ब्रशने खरवडलं. क्रॉस मेंबर सडलेले, एका बाजूला लाँग मेंबरवर, म्हणजे लांबीच्या मुख्य दांड्यावर, पातळ पत्रा चिकटवून रंगवलेला. इंजिन डीटी466 नव्हतंच. तो सरळ सहा सिलिंडरचा असतो आणि हा व्ही8 होता, 7.3 लिटरचा. बॉनेट उघडून मी दहा मिनिटं त्याकडे बघत उभा होतो! गिअरबॉक्स एटी545. दुरुस्तीचा अंदाज 11,400 डॉलर. आणि वर तो म्हणाला की दुरुस्त केली तरी यात मी माझी मुलं बसवणार नाही. चासी नंबर घेऊन इंटरनॅशनलच्या डीलरकडे गेलात तर कारखान्यातून कुठलं इंजिन आणि कुठला गिअरबॉक्स लागून निघाली ते "लाइन सेट तिकीट"वरून कळतं. पैसे देण्याआधी हे मागा. मी नंतर मागितलं.

त्या चर्चला फोन केला. बोलणारे आजोबा भले होते. आधी गप्प झाले, मग म्हणाले की तपासणीत नापास झाली होती म्हणून वर्षभरापूर्वी त्यांनी ती फक्त सुट्या भागांसाठी 1,400 डॉलरला दिली होती. त्या माणसाने टायटलवर त्यांची सही घेतली आणि आपलं नाव कधी घातलंच नाही.

आता सरकारी दारांचं ऐका. पोलिसांकडे गेलो, तर खिडकीपलीकडच्या माणसाने माझे फोटो हातातही घेतले नाहीत. हा दिवाणी मामला, वकील करा. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या विभागात लिहिलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की हा खासगी विक्रीचा व्यवहार आहे, आम्ही धंदेवाल्यांविरुद्धच्या तक्रारी घेतो. मग धंदेवाला कोण? ओहायोत परवान्याशिवाय वर्षाला पाचपेक्षा जास्त गाड्या विकता येत नाहीत. त्याच्याच फोन नंबरच्या आणखी तीन बसगाड्यांच्या जाहिराती मी शोधून काढल्या, छापल्या, तारखांनिशी लावल्या आणि वाहन परवान्यांच्या कार्यालयात नेऊन दिल्या. तिथल्या बाईंनी विचारलं, या गाड्यांच्या टायटलवर त्याचं नाव आहे का? नाही, तेच तर मी सांगतोय! मग आमच्या नोंदीप्रमाणे त्याने एकही गाडी विकलेली नाही, म्हणाल्या. कागद परत सरकवले. नाव नसणं हाच गुन्हा आणि नाव नाही म्हणून गुन्हा नाही. मी तिथे आवाज चढवला, सिक्युरिटीवाला जवळ येऊन उभा राहिला, आणि त्या क्षणी गुन्हेगार मीच दिसत होतो. उच्चार वेगळा असला की आवाज चढवायची मुभाही कमीच असते. माझ्याकडचे कागद कुणी वाचले असते तर आवाज चढवायची वेळच आली नसती.

मीटरचंही तसंच. 16,000 पौंडांपेक्षा जास्त वजनक्षमतेच्या गाड्यांना मीटरच्या आकड्याची कायदेशीर हमी द्यावी लागत नाही. म्हणजे 92,000 हा आकडा मुळात काहीच नव्हता.

छोट्या दाव्यांच्या कोर्टात ओहायोत 6,000 ची मर्यादा आहे. वरचे पैसे सोडून देऊन मी 6,000 चा दावा लावला. खर्च 90. नोटीस परत आली, त्या पत्त्यावर तो राहतच नव्हता, शेड भाड्याची होती. नवा पत्ता तुम्ही शोधून आणा, असं मला सांगण्यात आलं. मी. नोकरी करणारा माणूस. त्याचा फोन नंबर चालू आहे, जाहिराती चालू आहेत, पण तो सापडत नाही म्हणून दावा काढून टाकला. जिथे बस बघायला जाल तिथे तो माणूस खरंच राहतो का ते विचारा, त्याच्या ओळखपत्राचा फोटो घ्या. देत नसेल तर निघा.

यार्डाचं भाडं महिना 90, सात महिने, 630. मे 2024 मध्ये भंगारात दिली. वजनावर 1,155 डॉलर मिळाले. 7,800, 585, 640, 185, 630 आणि 90 मिळून 9,930, त्यातून 1,155 वजा, 8,775. रुपयांत सव्वासात लाखांच्या वर. क्रेनने उचलली तेव्हा तळाचा एक भाग खाली पडला आणि ऑपरेटरने मान हलवली. बाबांना सांगायला मला आणखी तीन आठवडे लागले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "एअर ब्रेक होते का? इंजिन बंद करून हवा किती उतरते ते बघितलंस?" मी नाही म्हणालो. हवेचा दाब मिनिटाला दोन पीएसआयपेक्षा जास्त उतरला की गळती समजायची, हेही आता लिहून ठेवलंय.

गणपतीतल्या त्या मुलाला मी दोन गोष्टी सांगितल्या. हातोडी घेऊन जा, आणि पैशाचं बोलणं काढायच्या आधी टायटलचा फोटो माग. परवा त्याने तो फोटो पाठवला. मालकाच्या जागी दुसऱ्याच एका गावातल्या संस्थेचं नाव आहे, सही आणि शिक्का झालेला आहे, घेणाऱ्याची जागा कोरी आहे. फोन नंबर तोच. मी तो फोटो ग्राहक विभागातल्या माझ्या जुन्या तक्रारीला जोडून पुन्हा पाठवला आहे. त्यांच्याकडून एक नवा तक्रार क्रमांक आला आहे.