दुकानाला घरचा फराळ द्यायचा, तर करार कोणता?

घरी केलेला फराळ किंवा मसाला ठेवायला दुकानदार तयार झाला की तीन प्रकारे व्यवहार ठरतो: ऑर्डरगणिक विक्री, वर्षाचा रेट कॉन्ट्रॅक्ट किंवा ‘माल ठेवा, खपला की पैसे’. तिन्ही लवचीक म्हणूनच सांगितले जातात. मोकळीक नेमकी कोणाला, ते मात्र तपासावं.

ऑर्डरगणिक व्यवहार सगळ्यात सुटसुटीत. वजन, दर, तारीख व्हॉट्सॲपवर लिहून समोरून होकार घेतला तरी करार होतो. तेल, भाजणी आधी आणावी लागते, म्हणून निम्मे पैसे आगाऊ घ्या. पुढच्या महिन्याची हमी नाही, एवढीच उणीव.

रेट कॉन्ट्रॅक्टमध्ये ती हमी आहे असं वाटतं. पण बऱ्याच मसुद्यांत दर वर्षभर बांधलेला आणि प्रमाण ‘गरजेनुसार’ असतं. तेल महागलं तर झळ तुम्हाला, ऑर्डर आलीच नाही तरी दुकान मोकळं. सहीआधी दोन अटी घाला: महिन्याला किमान उचल, समजा ४० किलो, आणि तेलाचा १५ किलोचा डबा कराराच्या दिवशीच्या भावापेक्षा १० टक्क्यांहून जास्त चढला तर दर नव्याने. ‘करार संपल्यावर दुसरीकडे माल देऊ नये’ ही अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे टिकत नाही. करार चालू असतानाचं तसं बंधन मात्र साधारणपणे टिकतं. ते हवं असेल तर दुकानाने उचल वाढवावी.

तिसरा प्रकार मोहात पाडतो आणि भांडणंही त्यातच जास्त. १०० पाकिटं ठेवली, ६० खपली, उरलेली ४० खवट किंवा चुरा होऊन परत आली, तर नुकसान कोणाचं? चकलीला परतीची मुदत १५ दिवस लिहा, दुकानात फुटलेलं पाकीट दुकानाच्या खात्यावर, मोजणी दर आठवड्याला, आणि प्रत्येक डिलिव्हरी चलनावर सही. शब्दही जपून निवडा. ‘तुमच्या वतीने विक्री’ लिहिलं की दुकान तुमचं एजंट ठरतं, म्हणजे न खपलेला माल तुमचाच राहतो. ‘विक्री अथवा परत’ लिहून मुदत घातली, तर मालविक्री कायदा, १९३० चं कलम २४ कामी येतं: नकार न कळवता मुदतीपलीकडे ठेवलेला माल दुकानाने विकत घेतला असं धरलं जातं. जीएसटी नोंदणी असेल तर माल पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत बिल फाडावंच लागतं.

नव्या दुकानाशी आधी ऑर्डरगणिकच चालवा. खपल्यावर पैसे हा प्रकार टिकाऊ मसाल्यापुरता ठीक, चकली-लाडवांना नको. रेट कॉन्ट्रॅक्ट रोजची उचल असलेल्या कँटीनशी करावा.

कुठलाही प्रकार निवडा, माल देण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती मोफत आहे. मग लेखी मुदत कितीही लांबवली तरी पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, काहीच लिहिलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. लहान रकमेसाठी कोणी दावा लावत बसत नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदत छापलेली असली की वसुलीच्या फोनला वजन येतं.