माल घरी पोचला म्हणून ती फसवणूक नाही का?

मोबाईलवरची जाहिरात पाहून मागवलेल्या सुतारकामाच्या मशीनपायी माझे 35,160 रुपये गेले. आकडा सुरुवातीलाच सांगते, कारण ज्याच्या-त्याच्याकडे गेले त्याने आधी 'किती गेले?' हेच विचारलं आणि उत्तर ऐकून 'एवढंच ना' असा चेहरा केला. हे पैसे पोळपाट, चौरंग आणि छोटे देव्हारे विकून साठवलेले होते. पगारातला एक रुपया त्यात नव्हता.

पुण्यात आमच्या इमारतीच्या पार्किंगमधल्या बंद गाळ्यात मी सुतारकाम करते. छंद म्हणून सुरू केलं, आता सणासुदीला ऑर्डरी येतात. जुन्या सागाच्या फळ्या हाताच्या रंध्याने एका जाडीच्या करता करता मनगट कामातून जायची वेळ आली, म्हणून थिकनेस प्लेनर घ्यायचं ठरवलं. फळी एकीकडून सारायची, दुसरीकडून सारख्या जाडीची बाहेर येते. नव्या चांगल्या मशीनचे भाव मला 52,000 ते 58,000 सांगितले गेले. तेवढे जमले नव्हते.

'दुकानात जाऊन का नाही घेतलं?' हे मला एव्हाना सगळ्यांनी ऐकवून झालंय. गेले होते. रविवार पेठेत, बोहरी आळीत पायऱ्या झिजवल्या. 'साहेबांना कोणतं मॉडेल हवंय?' 'मिस्टरांना फोन लावून द्या, त्यांना समजावतो.' मशीन सुरू करून दाखवा म्हटलं की दुकानदार हसायचे. दोन-चार दुकानं चांगलीही भेटली, पण त्यांच्याकडे हे मशीन मागवून घ्यावं लागणार होतं. त्या वेळी मोबाईलवर जाहिरात दिसली: लुधियानाचा उत्पादक, परदेशी ऑर्डर रद्द झाल्यामुळे उरलेला माल, तेरा इंची प्लेनर, 1800 वॅट, 27,000 अधिक जीएसटी. आणि फोनवरचा माणूस माझ्याशी मशीनबद्दल बोलला. पाती किती, एका वेळी किती मिलिमीटर छिलतं, फळीच्या टोकाला खड्डा पडू नये म्हणून काय करायचं, सगळं. माझ्या प्रश्नांना प्रश्न समजून उत्तरं देणारा तो पहिला विक्रेता होता. त्यानेच लुबाडलं याचा संताप अजून जात नाही.

पुढचं अशा फसवणुकीत होतं तसंच. व्हिडिओ कॉल, चालू मशीन, शिसवीची फळी आत आणि गुळगुळीत होऊन बाहेर. मी अनुक्रमांक दाखवायला सांगितला, त्याने दाखवला. 5,000 टोकन, मग 10,930 देऊन निम्मी रक्कम पूर्ण. ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा, म्हणजे माल रवाना केल्याच्या पावतीचा, फोटो आला की उरलेले 15,930. एकूण 31,860.

आता ज्या क्षणासाठी मी रात्री-रात्री जागी राहते, त्याबद्दल.

मी एका छोट्या कारखान्यात हिशेब सांभाळते. बिलं तपासणं हेच माझं काम. आणि या माणसाने पाठवलेल्या बिलावर सीजीएसटी 9 टक्के 2,430 आणि एसजीएसटी 9 टक्के 2,430 असं लिहिलं होतं. जीएसटीचे असे दोन भाग एकाच राज्यातल्या विक्रीवर लागतात. विक्रेता पंजाबात, माल महाराष्ट्रात, म्हणजे तिथे दोन राज्यांमधल्या विक्रीचा 18 टक्के आयजीएसटी, 4,860 अशी एकच ओळ हवी. बेरीज तीच येते, म्हणून नजर पुढे सरकली. वर जीएसटी क्रमांक होता, त्याची सुरुवात 07 ने. पहिले दोन आकडे राज्य सांगतात, 07 म्हणजे दिल्ली. पंजाब 03, आपलं महाराष्ट्र 27. कारखान्यात कुणी असं बिल माझ्या टेबलावर ठेवलं असतं, तर मी ते त्याच पावली परत पाठवलं असतं.

पण ती 11 तारीख होती, जीएसटीआर-1, म्हणजे कारखान्याच्या विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायचा शेवटचा दिवस. पोर्टल अडकत होतं, साहेब डोक्यावर उभे होते आणि बिल आलं ते मोबाईलवर, अंगठ्याएवढ्या अक्षरांत नाही, मुंगीएवढ्या. मी रक्कम पाहिली, 31,860 बरोबर आहे म्हटलं आणि पैसे भरायला कोड स्कॅन केला. पडद्यावर फर्मचं नाव यायला हवं होतं, आलं एका व्यक्तीचं. मी विचारलं. विचारलं, हे लिहून ठेवा. तो म्हणाला, "मॅडमजी, मालिक के बेटे का खाता है, कंपनी की आज की लिमिट खतम हो गई." दिवसाची मर्यादा संपते हे मला रोजच्या कामातून माहीत आहे, म्हणूनच ते पटलं. अनाडी माणसाला त्याने दुसरं काहीतरी सांगितलं असतं. ज्याला जे पटेल ते त्याला सांगायचं, हाच त्यांचा धंदा आहे.

फर्मच्या नावाच्या खात्याशिवाय पैसे टाकू नका. मुलगा, मेहुणा, मॅनेजर, कुणीही सांगोत. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर कुणालाही फुकट तपासता येतो, लॉगिन लागत नाही. मी नंतर तपासला: नोंदणी रद्द झालेला कापड व्यापारी निघाला.

खोकं आलं. ट्रान्सपोर्टच्या गोदामात भाड्याचे 1,850, हमाली 300, घरापर्यंत टेम्पो 700. गोदामात मूळ बिल्टी हातात आली तेव्हा मालाच्या रकान्यात 'जुने मशिनरी स्पेअर' आणि किमतीत 3,000 लिहिलेलं दिसलं. मला पाठवलेल्या फोटोत तो भाग कापलेला होता. कारकुनाला विचारलं तर तो म्हणाला, सगळेच कमी लिहितात. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, मी खोकं न उघडताच घेऊन आले. तुम्ही तसं करू नका. खोकं तिथेच उघडा, सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढत उघडा, आणि उघडू देत नसतील तर पोचपावतीवर 'माल न तपासता घेतला' असं लिहूनच सही करा. ती बिल्टी जपून ठेवा. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मशीन दिसायला नवं होतं. रंग ताजा, अनुक्रमांकाचं स्टिकर व्हिडिओत दाखवलेलंच. पहिल्या काही फळ्या बऱ्या निघाल्या. मग आवाज बदलला, फळीवर पन्हाळ पडल्यासारखे चर उमटले, मोटारीतून वास आला आणि ती बसली. फोन केला तर "वोल्टेज का प्रॉब्लेम होगा". दुसऱ्या दिवसापासून माझा नंबर बंद केलेला.

वाइंडिंगवाल्या काकांनी 450 रुपये घेऊन मोटार खोलली. तार वरून तांब्याच्या रंगाची, खरवडली तर आत पांढरी, ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या साधारण साठ टक्के. तेवढ्याच जाडीची तार भरली की ती तापणारच. बेअरिंग जुनी, पुसून ग्रीस लावलेली. पण काकांनी मला जवळ बोलावून दाखवलं ते वेगळंच. पाती आवळणाऱ्या बोल्टांपैकी एकाचे आटे गेलेले होते आणि बोल्ट एम-सीलने चिकटवला होता. अशा मशीनचा पाती बसवलेला रूळ मिनिटाला आठ-दहा हजार फेरे फिरतो. ते पातं सुटलं असतं तर? मी समोर उभी होते, सुट्टीच्या दिवशी माझी मुलगी फळीचं दुसरं टोक धरते. काका म्हणाले, "ताई, मोटार जळाली हे नशीब समजा." मशीन नवं असो की जुनं, पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून सगळे बोल्ट स्वतः पान्याने तपासा. रूळ हाताने फिरवा, खरखर लागली किंवा वर-खाली हलला तर हात लावू नका.

आता पोलीस.

आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. हा क्रमांक पैसे गेल्या-गेल्या लावला तर खात्यातली रक्कम गोठवता येते. माझे पैसे जाऊन बरेच दिवस झालेले, कारण मशीन जळेपर्यंत मी फसले आहे हे मला कळणार कसं? त्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण 'माल मिळाला का?' याला 'हो' म्हटल्यावर त्यांचा सूर उतरला. राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार केली, पोच क्रमांक मिळाला, आणि ठाण्यात जा असं कळलं.

ठाण्यात पहिलं वाक्य: "मिस्टर कुठे आहेत?" दुसरं: "मशीन तुम्ही चालवता?" तिसरं, जे नंतर प्रत्येक टेबलावर ऐकलं: "मॅडम, माल घरी आला ना? मग हे सिव्हिल मॅटर आहे. ग्राहक मंचात जा." मी बिल दाखवलं, खोटा जीएसटी क्रमांक दाखवला, खात्यावरचं वेगळं नाव दाखवलं. कागदांकडे कुणी मान खाली घालून पाहिलंसुद्धा नाही. मी बिल्टी पुढे केली: हा माणूस मला 31,860 चं नवं मशीन विकतोय आणि त्याच मालाला ट्रान्सपोर्टच्या कागदावर 3,000 चे जुने सुटे भाग म्हणतोय. माल पाठवतानाच त्याला ठाऊक होतं की तो काय पाठवतोय! सुरुवातीपासून अप्रामाणिक हेतू, यालाच कायद्यात फसवणूक म्हणतात. आधी भारतीय दंड संहितेचं 420 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे मी एका वकील मैत्रिणीकडून लिहून नेलं होतं. उत्तर मिळालं, "तुम्हीच सगळं ठरवून आलाय तर आम्ही कशाला?"

याच्यासाठीच ते खोकं पाठवतात, हे मला त्या बाकड्यावर बसल्यावर कळलं. काहीच पाठवलं नसतं तर मी त्याच आठवड्यात बोंब मारली असती. तीन हजारांचं भंगार रंगवून पाठवलं की गुन्ह्याचा व्यवहार होतो, महिनाभर निघून जातो, पैसे पुढच्या पाच खात्यांत जातात आणि पोलिसांना हात झटकायला कारण मिळतं. भंगाराचा खर्च हा त्यांचा विम्याचा हप्ता आहे.

बँकेत गेले. रिझर्व्ह बँकेचे नियम ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना संरक्षण देतात. "पिन तुम्हीच टाकला," एवढं बोलून त्यांनी टोकन क्रमांक पुढे सरकवला. नियम कळला. पण समोरचं खातं कुणाचं, त्यावर आणखी तक्रारी आहेत का, एवढं तरी पुढे कळवा म्हटलं, तर तेही "पोलिसांकडून पत्र आणा." पोलीस पत्र देत नाहीत, कारण गुन्हाच नोंदवत नाहीत. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार घेतली गेली आणि विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही म्हणून बंद झाली. ज्या समाजमाध्यमावर जाहिरात होती तिथे तक्रार केली तर जाहिरात नियमांत बसते असं छापील उत्तर आलं. सगळ्यांकडे अर्ज आहे, क्रमांक आहे आणि दुसऱ्याच्या दाराकडे दाखवणारं बोट आहे. 35,160 रुपये मिळवायला मला किती चौरंग घासावे लागतात हे यांतल्या कुणाला सांगू?

गप्प बसले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे. व्यापारी व्यवहारांत फार तर आधी प्राथमिक चौकशी करता येते. नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार वरिष्ठांकडे लेखी तक्रार पाठवता येते, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मी रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे, पोचपावती आली आहे. तोंडी बोलून घरी येऊ नका. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. जिल्हा ग्राहक आयोगातही ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. अडचण एवढीच की नोटीस बजावायला खरा पत्ता लागतो, आणि माझं आधीचं पत्र त्या पत्त्यावरून 'अपूर्ण पत्ता' शेऱ्यासह परत आलंय.

घरी सगळ्यांचं म्हणणं, सोडून दे. मी सोडणार नाही. मोटार, तो चिकटवलेला बोल्ट, खोकं, स्टिकर, सगळं काकांच्या लेखी अहवालासह पिशव्यांत बांधून ठेवलंय. तुम्हीही पुरावा भंगारात देऊ नका आणि त्याच मोटारीचं वाइंडिंग करून घेऊ नका.

ज्यांना जुनंच मशीन घ्यायचंय त्यांनी जिथे प्लग लावून, आपली फळी घालून बघता येईल तिथूनच घ्या. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातही निदान माणूस समोर असतो. नवीन घेताना कार्बन ब्रश आणि पाती कुठे मिळतील ते विचारा. सुट्या भागाचा क्रमांक सांगता न येणाऱ्याकडून घेऊ नका. मशीनचं वजन माहितीपत्रकाशी ताडून पाहा, ॲल्युमिनियमची मोटार हलकी भरते. माझं खोकं बिल्टीवर 19 किलो होतं, आणि तो फोनवर 34 सांगत होता.

तीच जाहिरात आता दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू झाली आहे. तीच शिसवीची फळी, तोच व्हिडिओ, किंमत 29,990. कुणाकडे असं रंगवलेलं प्लेनर आलं असेल, बिलावर 07 चा क्रमांक आणि लुधियानाचा पत्ता असेल, तर लाज बाळगू नका. राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार करा आणि ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो अक्षर न चुकवता लिहा, मूळ बिल्टीचा फोटो जोडा. एकाच खात्यावर चार जिल्ह्यांतून तक्रारी आल्या, तर त्याला सिव्हिल मॅटर म्हणणं कोणत्याही ठाण्याला जड जाईल.