फॉन्डंटच्या नावाखाली क्लेचे प्राणी: माझी झालेली फसवणूक

थीम केकवरचे प्राणी, बाहुल्या, गाड्या साखरेच्या असतात असं आपण सगळेच धरून चालतो. माझ्याकडे फॉन्डंटचे, म्हणजे केक सजवायच्या मळलेल्या साखरेच्या लगद्याचे, म्हणून पैसे घेऊन पाठवलेले प्राणी साखरेचे नव्हते. ते हवेत सुकणाऱ्या क्लेचे होते आणि एका लहान मुलाच्या वाढदिवसाच्या केकवर बसणार होते. विकणारी व्यक्ती अजूनही हाच धंदा करते आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. नाव देत नाही. एकाच व्यक्तीने तीन-चार नावांनी दुकानं मांडलेली आहेत, तेव्हा नावापेक्षा फसवण्याची पद्धत कळणं जास्त उपयोगाचं आहे.

मी केक करते आणि त्यावरच्या फिगर्सही बहुतेक वेळा स्वतःच करते. पण मोठी ऑर्डर एकदम आली की फिगर्स बाहेरून घ्याव्या लागतात, आणि या धंद्यात ते सर्रास चालतं. ज्यांनी ही कामं केलेली नाहीत त्यांना कारण सांगायला हवं. फॉन्डंट नुसता वळला तर मऊच राहतो, बसलेला हत्ती थोड्या वेळात पसरायला लागतो. म्हणून त्यात सीएमसी किंवा टायलोजची, म्हणजे फॉन्डंट कडक करणारी खाण्याची पावडर मळतात. पाव किलोला अर्धा ते एक चमचा, हवा दमट असेल तर थोडी जास्त. मग तो गोळा झाकून मुरू द्यायचा. आधी धड करायचं आणि ते कडक होईपर्यंत थांबायचं, नाहीतर डोक्याच्या वजनाने मान खचते. मानेत आधाराला कच्च्या स्पॅगेटीची काडी खोचतात, कारण ती चुकून दाताखाली आली तरी इजा होत नाही. मग डोकं, कान, सोंड, आणि अगदी शेवटी रंग. घाई चालत नाही. वरून कडक वाटणारी फिगर आतून ओली असेल तर केकवर ठेवल्यावर बसकण मारते.

म्हणजे साखर महाग नसते, वाळायला लागणारा वेळ महाग असतो. फसवणुकीचं मूळ इथेच आहे.

ऑर्डर जंगल थीमची होती: मुकुट घातलेला सिंह, हत्ती, जिराफ, माकड आणि काही झाडं. फिगर्स करणाऱ्या त्या व्यक्तीचं काम फोटोंमध्ये फार सुंदर दिसत होतं. मी आधी एक नमुना मागवला. एक छोटं माकड आलं. मी ते मोडून पाहिलं, चाखून पाहिलं, पाण्यात टाकून पाहिलं. अस्सल फॉन्डंट, नीट वाळवलेला, शेपटीचा तुकडा कट्कन मोडणारा. मग मोठी ऑर्डर दिली. फोनवर दोनदा विचारलं, ‘पूर्ण खाण्याच्या आहेत ना?’ उत्तर आलं, ‘हो ताई, शंभर टक्के फॉन्डंट, नमुना पाहिलात ना तुम्ही?’ ‘कस्टम ऑर्डर आहे’ म्हणून पूर्ण रक्कम आधीच घेतली गेली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नमुना खरा होता आणि माल खोटा होता. हा योगायोग नव्हे. नंतर मला भेटलेल्या इतर केकवाल्या मैत्रिणींच्या बाबतीतही अगदी असंच झालं होतं. नमुन्याचा एक तुकडा साखरेत करायला त्या माणसाला परवडतं. पुढचा सगळा माल मात्र आधीच साच्यातून काढून डब्यांत भरून ठेवलेला असतो.

पार्सल केकच्या आदल्या दिवशी आलं. ठरल्यापेक्षा उशिरा, आणि तो उशीरही आता मला मुद्दाम केलेला वाटतो, कारण परत पाठवायला वेळच उरत नाही. एकही कान तुटलेला नाही, एकही शेपटी सुटलेली नाही. साखरेच्या फिगर्स कुरिअरने आल्या की काहीतरी डागडुजी करावी लागतेच, म्हणून डागडुजीचा फॉन्डंट आणि खाण्याचा गोंद मी काढूनच ठेवला होता. त्याची गरज पडली नाही. तेव्हा पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली.

जिराफ केकच्या मापाने थोडा उंच होता. मी त्याचे पाय खालून तासायला घेतले. फॉन्डंटवर सुरी चालवली की आधी कडक साल फुटते आणि आतून पांढरा भुगा किंवा किंचित मऊ गाभा दिसतो. इथे सुरी आत गेली आणि अडकली. पाय कापला न जाता वाकला, आणि सुरी काढल्यावर परत सरळ झाला. कापलेल्या जागेला नाक लावलं तर शाळेतल्या हस्तकलेच्या पांढऱ्या गोंदाचा वास. तो तुकडा कोमट पाण्याच्या वाटीत टाकला आणि शेजारच्या वाटीत माझ्याकडचा वाळलेला फॉन्डंट टाकला. फॉन्डंटच्या कडा आधी चिकट झाल्या, मग विरघळत गेल्या, आणि शेवटी वाटीत रंगीत गोड पाणी राहिलं. दुसऱ्या वाटीतलं पाणी जेमतेम गढूळ झालं, तुकडा वरून बुळबुळीत झाला, पण आकार तसाच. दोन बोटांत दाबला तर खोडरबरासारखा दबून परत फुगला.

मग हत्ती उभा कापला. आत थर्माकोलचा गोळा. सिंहाच्या मानेत तार, टोकाला काहीही गुंडाळलेलं नाही, थेट केकमध्ये खुपसायची.

मला राग पैशांचा नाही आला, खरंच नाही. मुलं केकच्या टेबलाशी कशी उभी असतात हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे. केक कापायच्या आधीच एखादा हात सिंहाच्या शेपटीपर्यंत पोचलेला असतो. ‘मला हत्ती’, ‘मला माकड’ अशी वाटणी झालेली असते, आणि मिळालेली फिगर मूल थेट तोंडात घालतं, कारण मोठ्यांनीच त्याला सांगितलेलं असतं की ती साखरेची आहे. लहान तोंडात थर्माकोलचा गोळा किंवा क्लेचा न विरघळणारा तुकडा गेला, घशात अडकला, तर? फिगर विकणाऱ्याला हे माहीत नसेल असं मी मानायला तयार नाही.

मुलाच्या आईला मी लगेच फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, ‘ताई, साधा केला तरी चालेल, पण खाता येईल असाच करा.’ उभ्या फिगर्स वाळायला वेळ नव्हता. म्हणून पातळ लाटलेल्या फॉन्डंटचे सपाट प्राणी कापले, ते रात्रीत वाळतात, आणि केकच्या कडेने चिकटवले. सिंहाचं तोंड केकच्या वरच निम्मं उठावाचं केलं. केक छान झाला.

विकणाऱ्या व्यक्तीशी झालेलं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं देते, कारण तुमच्याशीही असंच बोललं जाईल. आधी उत्तर आलं, ‘ताई, तो वेगळ्या ब्रँडचा फॉन्डंट आहे, म्हणून लवचिक वाटतो.’ मी कापलेल्या हत्तीचा फोटो पाठवला. मग आलं, ‘फिगर्स कोण खातं? लोक आठवण म्हणून ठेवतात.’ मी म्हटलं, तुम्ही शंभर टक्के फॉन्डंट म्हणाला होतात. त्यावर, ‘लिहून दिलंय का कुठे?’ मी त्यांची जाहिरात उघडून पुन्हा वाचली. खरोखरच त्यात फॉन्डंट हा शब्द कुठेही नव्हता. ‘केकसाठी हाताने बनवलेल्या फिगर्स’ एवढंच. फॉन्डंट हा शब्द फक्त फोनवर उच्चारला जात होता. शेवटी मला ब्लॉक केलं.

त्याआधी मी सिंहाच्या मुकुटाबद्दल विचारलं होतं. त्यावरचा सोनेरी रंग बोटाला लागत होता. उत्तरादाखल एका डबीचा फोटो आला, त्यावर मोठ्या अक्षरात ‘नॉन-टॉक्सिक’, म्हणजे विषारी नाही. हा शब्द केकच्या कामात जितका फसवा आहे तितका दुसरा नसेल. नॉन-टॉक्सिक म्हणजे खाण्याजोगं नव्हे. खाण्याची चमक असेल तर डबीवर ती खाण्याची आहे असं लिहिलेलं असतं आणि घटकांची यादी असते: साखर, बाभळीचा डिंक, माल्टोडेक्स्ट्रिन, कॉर्नस्टार्च, खाण्यासाठी मान्य असलेले रंग. ‘फक्त सजावटीसाठी’ असं लिहिलेली, घटकांची यादी नसलेली पूड केकवर लागता कामा नये. हे मी घाबरवायला लिहीत नाही. अमेरिकेत 2018 साली ऱ्होड आयलंडमध्ये एका वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलं आजारी पडली, उलट्या-जुलाब झाले. केकवरच्या रोझ गोल्ड चमकीत तांबं निघालं. पुढच्या वर्षी मिझुरीत एका वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं, तिथेही केक सजवण्याच्या पुडीचा संबंध लागला. तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, 2021 मध्ये हे दोन्ही प्रकार अहवालात मांडले.

आता क्लेबद्दल न्यायाने बोलायचं तर, क्लेचे टॉपर, म्हणजे केकवर ठेवायच्या फिगर्स, करणं हा गुन्हा नाही. कोल्ड पोर्सिलेन, म्हणजे कॉर्नस्टार्च आणि पांढरा गोंद शिजवून केलेला क्ले, त्यात फार सुंदर काम करणारे कलाकार आहेत. पॉलिमर क्लेचे टॉपर वर्षानुवर्षं टिकतात. तो तर पीव्हीसीपासून केलेला असतो, खाण्याचा प्रश्नच नाही. अशी फिगर आधी सांगून, वेगळ्या तबकडीवर बसवून, केकला थेट न टेकवता दिली आणि कापायच्या आधी उचलून ठेवली तर माझी काही हरकत नाही. पण ती फॉन्डंटची म्हणून विकायची, फॉन्डंटचा भाव लावायचा आणि मुलाच्या तोंडापर्यंत जाऊ द्यायची, ही लबाडी आहे. जे खरोखर रात्र-रात्र बसून साखरेचं काम करतात त्यांच्या पोटावरही ती पाय देते, कारण साच्यातून निघणाऱ्या क्लेशी वेळेत आणि किमतीत त्यांची बरोबरी होऊच शकत नाही.

फोटोंची गोष्ट राहिली. नंतर मी त्यांच्या जाहिरातीतले फोटो इंटरनेटवर टाकून ते मूळ कुठले आहेत हे शोधून पाहिलं. बरेचसे निरनिराळ्या देशांतल्या कलाकारांचे निघाले, कोपऱ्यातलं नाव कापून टाकलेलं. आता ते फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर स्पष्ट दिसतं. प्रत्येक फिगर करणाऱ्याची डोळे काढायची पद्धत ठरलेली असते. कुणी काळा मणी दाबतं, कुणी पांढऱ्यावर बाहुली रंगवतं, कुणी नुसती रेघ ओढतं. एकाच माणसाच्या कामात पाच तऱ्हेचे डोळे दिसले तर ते काम एका हाताचं नाही.

बाहेरून फिगर्स घेणाऱ्यांनी बोलणं फोनवर होऊ देऊ नये. ‘पूर्णपणे खाण्याजोगा फॉन्डंट किंवा गम पेस्ट (जास्त कडक वाळणारा साखरेचा लगदा), आत आधाराला काय वापरलं आहे, रंग आणि चमक कोणत्या कंपनीची’ एवढं लेखी घ्यावं आणि ऑर्डरच्या पावतीवर मागावं. करतानाचा छोटा व्हिडिओ मागावा, अर्धवट झालेल्या फिगरशेजारी तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून. खरा कारागीर याला नाही म्हणत नाही, उलट खूश होतो. पैसे दोन टप्प्यांत द्यावेत. माल हातात आला की, नमुना कितीही चांगला असला तरी, प्रत्येक खेपेतल्या एका फिगरचा तळ किंवा मागची बाजू खरवडून तो तुकडा पाण्यात टाकावा. आणि कुणी सांगितलं की ‘फ्रिजमध्ये ठेवा, घाम येत नाही, पावसाळ्यातही मऊ पडत नाही, पडल्या तरी फुटत नाहीत’, तर तिथेच थांबावं. फॉन्डंट हवेतला ओलावा ओढतो, फ्रिजमधून बाहेर काढला की चिकट होतो.

केक मागवणाऱ्या आईवडिलांनी फक्त एक प्रश्न विचारावा: ‘यातलं काय काय खायचं नाही?’ प्रामाणिक केकवाली व्यक्ती लगेच सांगेल, या काडीला सांभाळा, ही तार काढून घ्या, तळाचा डमी थर थर्माकोलचा आहे. ‘सगळं खाता येतं’ असं चटकन उत्तर आलं आणि केकवर मोठी उभी फिगर असेल, तर पुन्हा विचारा की ती उभी कशाच्या आधाराने आहे.

ज्यांच्याकडे अशा फिगर्स आधीच आल्या आहेत त्यांनी त्या रागाने फेकून देऊ नयेत. पार्सलचं खोकं, त्यावरची चिठ्ठी आणि कापलेली एक फिगर जपून ठेवा, पाण्याच्या वाटीचा व्हिडिओ घ्या, बोलण्याचे स्क्रीनशॉट ब्लॉक होण्याआधीच काढा. मी हे सगळं जोडून जिथे जाहिरात होती तिथे आणि पैसे ज्या मार्गाने दिले तिथेही तक्रार केली. पैसे अजून मिळालेले नाहीत, पण ती एक जाहिरात तरी खाली उतरली. बाकीच्या नावांखालची दुकानं चालू आहेत, आणि ज्यांनी तिथून माल घेतला त्यांनी त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला हवी.