गंगापूर धरणाकडचं आकाशदर्शन: दुर्बिणीआधीच्या बैठकीसाठी तरी जाच

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत लॅपिंग मशीनवर (पृष्ठभाग घासून सपाट-गुळगुळीत करणारं यंत्र) माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे दुर्बिणीचा आरसा घासण्याचा विषय निघाला की मी कान देऊन ऐकतो. गंगापूर धरणाच्या अंगाला एका शेतावर काही हौशी मंडळी माणशी तीनशे रुपयांत आकाशदर्शन घडवतात. लेकीला घेऊन गेलो होतो.

आधी सगळ्यांना सतरंजीवर बसवून त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेची २६ एप्रिल १७८१ची बैठक उभी केली. त्या दिवशी वाचलेल्या निबंधाचा विषय होता एक धूमकेतू. बाथ शहरात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या विल्यम हर्शेल यांना तो १३ मार्चला घरामागच्या बागेतून दिसला होता. २२७ पट, मग ४६०, मग ९३२. दुर्बिणीची पट वाढवली तरी तारे ठिपक्यासारखेच राहिले, हा मात्र मोठा होत गेला. हे मराठीत वाचताना सांगणारा मुलगा थांबला, तशी लेक म्हणाली, "दादा, मग शेपूट कुठंय?" इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ मॅस्केलिन यांनाही नेमकं हेच खटकलं होतं! पुढे सेंट पीटर्सबर्गचे खगोलशास्त्रज्ञ लेक्सेल यांनी कक्षा मांडली, ती धूमकेतूसारखी लांबट नाही, तर ग्रहासारखी जवळजवळ गोल निघाली. धूमकेतू म्हणून सभेत वाचला गेलेला तो युरेनस ग्रह.

हर्शेल यांचा आरसा तांबं-कथलाचा, सव्वासहा इंचांच्या आतबाहेर, स्वतः घासलेला. एकदा सोळा तास त्यांनी हात उचलला नाही, बहीण कॅरोलिन घास भरवत होती. मध्येच हात काढला की पृष्ठभाग हातचा जातो, हे मला कुणी समजावायची गरज नाही. ऐकताना माझे डोळे भरून आले.

मग दुर्बिणीतून कृत्तिकांच्या खालच्या बाजूला युरेनस पाहिला. इवलीशी निळसर-हिरवी चकती. शोध लागल्यापासूनची त्याची तिसरी प्रदक्षिणा २०३३मध्ये पुरी होणार आहे.

उणीव एवढीच की दुर्बिणी दोनच, रांग लांब, आणि रस्त्याकडच्या दुर्बिणीवर गाड्यांचे दिवे पडतात. शेवटचा कच्चा रस्ता दुचाकीला जपूनच. पिठलं-भाकरी गरम मिळाली.

अमावस्येच्या आसपास जा, स्वेटर न्या. युरेनस आधी कमी पटीच्या आणि मग जास्त पटीच्या आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) मागून घ्या. शेजारच्या ताऱ्याशी ताडून बघा, ते न कंटाळता दाखवतात.